बारवेजवळचा लाल ठिपका

अर्जनवीस रेणुकादासांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, असं सारं लातूर मानत असे. म्हणजे तसं ते स्वतः सांगत आणि लोक माना डोलवत, कारण नाही म्हटलं तर ते पुरावे देत बसत. कचेरीबाहेर बसून उर्दूत अर्ज लिहिणं हा झाला पोटाचा धंदा, पिंड गुप्तहेराचा. गेल्या साली तेल्याची म्हैस हरवली तेव्हा त्यांनी दोन पाहुणे, एक फकीर आणि खुद्द तेली अशा चौघांवर संशय घेतला. म्हैस आपल्या पायांनी घरी आली. यांनी तिचीही जबानी घ्यायची तयारी दाखवली होती.

तर अशा माणसाकडे एका सकाळी पेंडीचे व्यापारी नागप्पा आले आणि त्यांनी आधी दाराला कडी घातली. त्यांच्या लेकीला, शिवकांताला, उन्हाळ्याच्या तोंडाला नारू झाला होता. पायातून दोऱ्यासारखा लांबलचक जंत निघाला, जखम भरली, पोर चालूफिरू लागली. घरची माणसं, डॉक्टर बापूसाहेब आणि त्यांचा कंपाउंडर सोडले तर कुणाला पत्ता नव्हता. नारू झालेली पोर सून म्हणून करायला लोक कचरत, म्हणून ही लपवालपवी. रेणापूरच्या ईश्वरप्पांच्या पुतण्याशी सोयरीक जुळत आली होती, आणि काल भरबाजारात एका बाईनं नागप्पांना विचारलं, पोरीचा नारू बरा झाला का?

"ईश्वरप्पा उद्याच यायलेत," नागप्पा म्हणाले. "त्यांच्या कानी गेलं तर सोयरीक मोडली म्हणून समजा. कोण बोललं तेवढं हुडका."

रेणुकादास तडक दवाखान्यात गेले आणि ओसरीवरच्या बाकावर भिंतीला पाठ टेकून तपासाला बसले. डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं की रोग्याचं नाव आपण कुणाला सांगत नाही. हैदराबादेला पाठवायचा नारूचा नकाशा केलाय, त्यातसुद्धा एक नाव नाही. रेणुकादास गूढ हसले. इतकी खात्री देणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हा त्यांचा सिद्धांत होता. मग त्यांनी कंपाउंडरला धरलं, कारण तो घामाघूम होता. वैशाखात अख्खं लातूर घामाघूम होतं, हा मुद्दा त्यांनी बाजूला ठेवला. दुपारी संशय कंपाउंडरच्या न्हाव्यावर गेला आणि पुढे दवाखान्यातल्या पाळीव मैनेवर. पण मैनेला "जीभ दाखव" एवढंच बोलता येत होतं. रेणुकादासांनी जीभ दाखवली आणि तिचं नाव वगळलं.

तेवढ्यात वडिलांना घेऊन शिवकांता आली.

"काका, जरा सरकता का?"

ते सरकले. त्यांच्या पाठीमागं भिंतीवर नकाशा टांगलेला होता. शाई वाळावी आणि लोकांनाही रोग कळावा म्हणून डॉक्टरांनीच तो तिथं लावला होता. ज्या घरात नारू, त्या घरावर लाल ठिपका. नाव कुठंच नव्हतं. पण औषधाची वाट बघत बसलेल्या माणसाला दुसरा उद्योग काय? तो ठिपके बघत बसे आणि घरं ओळखत बसे.

"मठामागच्या बारवेजवळ एकच घर हाय," शिवकांता म्हणाली. "आमचं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. नागप्पा नकाशा फाडायला धावले. तो फाडला तर बारवेच्या पायऱ्या बंद करून वर रहाट बसवायला सरकार पैसा देणार नाही, लोक पाण्यात पाय बुडवणार, तेच पाणी पिणार आणि नारू पसरत राहणार, असं डॉक्टर काकुळतीनं सांगू लागले.

"फाडू नका," शिवकांता म्हणाली. "नारू आमच्या घरातून न्हाई निघाला, बारवेतून निघाला. मंग ठिपका घरावर कशाला? जो ज्या बारवेचं पाणी पितो, त्याचा ठिपका तिथंच द्या. मला सांगायचं ते मी नवऱ्या मुलाला माझ्या तोंडानं सांगीन. भिंतीनं कशाला सांगावं?"

डॉक्टरांनी रात्रीतून नवा नकाशा काढला. तीन गल्ल्यांचे ठिपके मठामागच्या बारवेवर गोळा झाले. ठिपका एकही कमी झाला नाही; घरं तेवढी पुसली गेली.

दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पा आले ते कुणकुण ऐकूनच. पुतण्याला नागप्पांकडे बसवून ते थेट दवाखान्याच्या ओसरीवर नकाशापुढं उभे राहिले. कुणीतरी रेणुकादासांकडे बोट दाखवून सांगितलं, हे आमचे गुप्तहेर. यांना सगळं कळतं.

"मंग सांगा," ईश्वरप्पा म्हणाले, "यात नागप्पाच्या पोरीचा ठिपका हाय का?"

परगावच्या माणसानं, चारचौघांत, गुप्तहेर म्हणून विचारण्याची रेणुकादासांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. उत्तर जिभेवर होतं. मागोमाग आलेले नागप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. रेणुकादासांनी भिंग काढलं, सगळे ठिपके सावकाश पाहिले आणि भिंग खिशात ठेवलं.

"मला नाही ओळखता येत," ते म्हणाले. बोलताना त्यांना फार वाईट वाटलं.

"मंग कसले हो तुम्ही गुप्तहेर?"

सारी ओसरी हसली. रेणुकादासही हसले, जरा उशिरानं.

तिसऱ्या प्रहरी शिवकांतानं मुलाला सगळं स्वतः सांगितलं. लई दुखलं का, एवढंच त्यानं विचारलं. मग त्यानंच काकांची समजूत घातली आणि सोयरीक पक्की झाली.

त्या दिवसापासून लातुरात रेणुकादासांना कुणी काही हुडकायला सांगत नाही. पण कुणाला मनातलं बोलायचं असलं की तो त्यांच्याकडेच येतो आणि आत शिरल्यावर दाराला कडी घालतो.