विसूपंतांच्या कॅमेऱ्याचं सुतक

आमच्या विसूपंतांच्या कॅमेऱ्याला सुतक यायचं. चेष्टा करत नाही मी. मयताचा फोटो काढून आणला की तीन पायांचा तो लाकडी कॅमेरा ओटीच्या कोपऱ्यात बाजूला बसे. मग कुणी लग्नाचं बोलावणं घेऊन येवो, मुंजीचं येवो, विसूपंत दारातूनच सांगत, "आज जमायचं नाही. त्याला सुतक आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा खांद्यावर टाकून ते गोदावरीवर जात आणि जिवंत असं काहीतरी टिपून आणत. खंड्या पक्षी, ढोकरी बगळा, नाहीतर वाऱ्यानं हलणारा करंज. ते झालं की सुतक फिटलं.

मी पुणतांब्यात शाळामास्तर आणि विसूपंतांचा भिंतीला भिंत शेजारी. असला खुळेपणा मला मुळीच खपत नाही. मी एकदा तोंडावर विचारलं, यंत्राला कसलं आलंय गोत्र? तर म्हणाले, "मास्तर, गोत्र नसेल, डोळा तर आहे? बघितलेलं धुवायला नको?"

आता त्यांचा धंदाच मयतांचा, त्याला ते तरी काय करणार! फोटोनं आयुष्य घटतं ही आमच्याकडची पक्की समजूत. त्यामुळे माणूस जिवंत असेतो फोटोचं नाव नाही, आणि गेला रे गेला की घरच्यांना विसूपंतांची आठवण. म्हातारा भिंतीला टेकवून बसवायचा, डोक्याला पागोटं, आणि विसूपंत काळ्या कापडात शिरून सवयीनं म्हणणार, "हलू नका." राहात्याला एका घरी तर रडता रडता सुना फिसकन हसल्या. थोरला मुलगा तापला, "त्यो आता कसा हलंल, पंत?"

त्यातून लोकांचा हट्ट की डोळे उघडे पाहिजेत. मग ज्या काचेवर फोटो उतरे, त्या काचेवरच विसूपंत बारीक पेन्सिलीनं डोळे काढत. नमुन्याला समोर आरसा! त्यामुळे राहुरीपासून राहात्यापर्यंत ज्या ज्या भिंतीवर दिवंगत वडील आहेत, ते सगळे विसूपंतांच्या डोळ्यांनी बघतात. डावा डोळा किंचित तिरळा.

नदीवरचे फोटो मात्र ते कुणाला विकत नसत. मला दाखवत. पाणी म्हणजे दुधाचा डाग आणि खंड्या म्हणजे एक फराटा. मी म्हणायचो, "पंत, हे बिघडलंय." ते खूश होत. "हललाय ना? दिवसभर न हलणाऱ्यांपुढं उभा असतो मी मास्तर. हे हललेलं बघितलं की परत माणसात येतो." खोटं कशाला बोलू, नदीवरून आलेला विसूपंत खरंच वेगळा दिसे. जेवणही दोन घास जास्त जाई.

मग लढाईची वर्षं आली. मुंबईहून फोटोच्या काचा येईनाशा झाल्या. त्यातच एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि गावोगाव माणसं पटापट गेली. एक सुतक फिटतंय तोवर दुसरं दारात उभं.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. विसूपंतांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, एकही फोटो नव्हता. लग्नाला वीस वर्षं झालेली. पहिल्यापासून पंत म्हणत आले, मयतं बघितलेला डोळा हिच्यावर कसा धरू, जरा चांगला स्वच्छ होऊ दे. तो स्वच्छ कधी झालाच नाही. आणि दिवाळीपासून वहिनी खोकत होत्या. नगरच्या डॉक्टरनं छाती तपासून पंतांना बाहेर नेऊन काय ते सांगितलं.

चैत्रात एका सकाळी पंत माझ्याकडे आले. डब्यात एकच काच उरली होती, आणि आदल्याच दिवशी ते मयताला जाऊन आले होते. "मास्तर, मी सुतक मोडतो," ते म्हणाले. "तुम्ही तिला तेवढं उठून बसायला सांगा. माझं ऐकत नाही."

मी गेलो. वहिनी अंथरुणाला खिळलेल्या. मी रदबदली सुरू केली, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"भावजी, ह्यांना सांगा, गावातल्या नवरानवरींना जो नियम लावला तो घरात मोडायचा नाही. माझं तोंड मला ठाऊक आहे. दिवाळीपासून नदी दिसली नाही. तेवढी त्या काचेवर आणा."

पंत उंबऱ्यातच उभे होते. बायकोशी माणसांदेखत ते कधी धड बोललेले मी ऐकले नव्हते. त्या दिवशी बोलले. "मग माझ्याजवळ काय राहील?"

वहिनींनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाल्या, "जा आता. ऊन वर येईल."

कॅमेऱ्याचे तीन पाय मी उचलले. नदीवर समोरच ढोकरी बसली होती, पंतांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. थेट वहिनींच्या धुण्याच्या दगडापाशी गेले. दगड उन्हानं पांढरा पडला होता. मला म्हणाले, यावर दोन तांबे पाणी ओता. मला संताप आला होता, त्यांचा, वहिनींचा, त्या एका काचेचा. तरी ओतलं. पंत कापडाखाली गेले ते किती वेळ बाहेरच येईनात. खांदे हलत होते. मी पाण्याकडे बघत राहिलो.

कोठीतल्या अंधारात काच धुऊन दुसऱ्या दिवशी उन्हात फोटो छापला. वहिनींनी तो छातीशी धरला. बोटानं दाखवत होत्या, हा माझा दगड, ही करंजाची फांदी केवढी खाली आली बाई. चार दिवस तो त्यांच्या हातात होता. पाचव्या दिवशी सकाळी गेल्या. कुणीतरी कुजबुजलं, आता हिचाच फोटो कोण काढणार? पंत कोपऱ्यात बसून होते. कॅमेऱ्याकडे त्यांनी मान वळवली नाही.

तेरावा झाल्यावर त्यांनी तो नदीचा फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला. काचेवर कुंकवाचं बोट, वर झेंडूचा हार. लोक बघून जायचे. डोक्यावर परिणाम झाला, असं बाहेर बोलायचे. मीही त्यांना एकदा समजवायला म्हणून सकाळी गेलो, तर राहात्याकडचा एक शेतकरी फोटोचं विचारायला आलेला. भिंतीकडे बघत उभा होता.

"पंत, ह्यात मानूस कुटं हाय?"

"आत्ताच धुणं पिळून वर गेली," विसूपंत म्हणाले. "दगड ओला दिसतोय ना?"

त्यानं हाराकडे बघितलं, मग पंतांकडे. डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं आणि भिंतीशी टेकला.

"मंग बसतो मी घटकाभर," तो म्हणाला.

शाळेची घंटा होऊन गेली होती. मीही बसलो.