उत्तर नको, रीत सांग

समता कॉलनीत गावंडेकाका समोरून येताना दिसले की आम्ही रस्ता बदलायचो. तसे काका भले. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेले. फक्त नमस्काराला ते नमस्कार करत नसत, गणित घालत.

"दोन भावांच्या वयाचा अनुपात चारास तीन. पाच वर्षांनी होतो पाचास चार. सांग, आज वयं किती?"

दूधवाला एकदा सापडला. हिशेबाला पक्का माणूस. "बीस और पंद्रह, दादा," म्हणून निघाला, तर काकांनी त्याची किटलीच धरली. "उत्तर नको. रीत सांग."

"रीत क्या, दादा? दिमाग में आ गया."

"दिमाग में कैसे आया, ते सांग."

त्या दिवशी अर्ध्या कॉलनीचा चहा उशिरा झाला. दातांच्या डॉक्टरांना तर त्यांनी दाढ काढायला बसल्या बसल्या गाठलं. डॉक्टरांनी भूल चढायच्या आधीच तोंडात कापूस कोंबला, असं काका स्वतःच सांगत. आमचं सगळ्यांचं एकच मत होतं. म्हाताऱ्याला हुशारीची घमेंड आहे आणि वेळ जात नाही म्हणून तो आमची परीक्षा घेतो.

मग एका रविवारी दिवेलागणीला माझ्या दाराची बेल वाजली. वाजली म्हणजे, कोणी बोट काढेचना. दारात काका. घामाघूम. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात बाथरूमची सपात.

"भाऊ, तुले एक्स-वाय येते का?"

"काका, तुम्ही असताना मला काय विचारता?"

"मले येत नाही न बे!"

मला वाटलं, हाही परीक्षेचाच भाग. पण त्यांनी दोन्ही हात जोडले. "मंग इतके दिवस काहून विचारून राहिलो होतो? कोणी तरी रीत सांगन म्हणून. कोणी उत्तर सांगते, कोणी पळून जाते."

माझा हात धरून त्यांनी मला ओढतच घरी नेलं. वाटेत सगळं कळलं. मुलगा दिल्लीला. नात ईशा, यंदा दहावीत. दर रविवारी फोन यायचा. "आबा, मैं ठीक हूँ, पढ़ाई ठीक है, बाय." एवढाच. पोरीला मराठी समजायची, बोलता यायची नाही, आणि काकांना तिच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही. एकदा त्यांनी सहज विचारलं, सध्या काय शिकून राहिली? ती म्हणाली, अनुपात, बीजगणित, आपको नहीं आता होगा. काका पटकन बोलून गेले, "येते ना! कधीबी विचार."

आणि आज तिने पुन्हा विचारलं होतं. उद्या सकाळी तिचा पेपर होता, दुपारीच तिने गणित पाठवून ठेवलं होतं, आणि फोन आता कोणत्याही क्षणी येणार होता.

"मागच्या बारीले तिनं विचारलं तं मी नेटवर्क गेलं म्हणून फोन कापला," काका म्हणाले. "आता पुन्हा कापला तर पोट्टी विचारनच नाही काही."

गणित असं होतं. डब्यात लाल आणि निळे मणी, प्रमाण पाचास तीन. दोन्ही रंगांचे सहा-सहा मणी आणखी टाकले की प्रमाण तीनास दोन. आधी मणी किती होते?

मी विम्याच्या ऑफिसात काम करतो. शाळा सुटल्यापासून एक्सची आणि माझी भेट नव्हती. तरी मांडलं. लाल एक्स, निळे वाय. पहिल्या वाक्यावरून तीन एक्स बरोबर पाच वाय. दुसऱ्यावरून एक्स अधिक सहा आणि वाय अधिक सहा यांचं प्रमाण तीनास दोन. तिरका गुणाकार काकांनीच केला, "दोन एक्स अधिक सहा, बरोबर तीन वाय अधिक सहा." सहाला सहा कटले. पुढे सोडवत गेलो तर वाय शून्य, एक्स शून्य.

"डबा रिकामाच?" काका भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत ओरडले.

पुन्हा केलं. पुन्हा शून्य. फोन टेबलावर पालथा पडला होता आणि आम्ही दोघं विंचवाकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत होतो. तिसऱ्यांदा करताना मला कंस दिसला. "काका, दोननं एक्सलाच गुणलं. सहाला पण गुणायचं. तिकडे तीननंही तसंच." दोन एक्स अधिक बारा, तीन वाय अधिक अठरा. काकांची पेन्सिल पळायला लागली. निळे अठरा, लाल तीस. सहा-सहा टाकले की छत्तीस आणि चोवीस. तीनास दोन!

तेवढ्यात फोन वाजला.

काकांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि फोन टेबलावरच्या साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर दोन वेण्या आणि रडवेलं तोंड. "आबा, मेरा ज़ीरो आ रहा है. बार-बार ज़ीरो. कल पेपर है."

मी कागद पुढे सरकवला. काकांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "बेटा, कंस खोलला तेव्हा छहला गुणलं का?"

"क्या?"

"कंसात दोघं जण राहतात न. दोघांलेबी गुणा लागते. एकाले सोडून नाही चालत."

तिकडून पेनचा आवाज. काकांची बोटं टेबलाची कड घट्ट धरून होती. "दो एक्स प्लस बारा..." ती पुटपुटत होती. "वाय... अठारह?"

"रीत सांग," काका हळूच म्हणाले.

तिने सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता. मागून काकांच्या मुलाचा आवाज आला, "चल ईशा, हो गया न, फोन रख." काकांनी निरोपासाठी हात वर केला.

"रुको पापा," ती म्हणाली. "आबा, आपने खाना खाया?"

काकांचा वर केलेला हात तसाच राहिला. "अभी नहीं," ते म्हणाले. "दोडका चिरून ठेवला आहे."

"दोडका क्या होता है?"

"दोडका मालूम नाही तुले?" काका फोन उचलून उठले. "थांब. दाखवतो."

स्वयंपाकघरातला दिवा लागला. मी चपला हातात घेऊन बाहेर आलो आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.