पाठमोऱ्या खुर्च्या

आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या अरुणभैयांचं नाटक रंगमंचाकडे पाठ करून बघावं लागतं. खुर्च्यांची तोंडं थेट दाराकडे. "नाटक पाठीनं घ्याचं असते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. बरं, माणूस पक्का चित्रकार. भनपुरीच्या कारखान्यांतून रंगात कालवायला पोतंभर लोखंडाचा गंज आणून, मिळतील ते रंग जमवून महिनाभर मागचा पडदा रंगवणार, आणि तो कुणालाच दिसणार नाही.

"भैया, मग रंगवता काहून?"

"तुले पाठीत जाणवत नाही?"

"जाणवते," मी म्हणालो.

आता सांगूनच टाकतो. मला पाठीत खुर्चीचा खिळा तेवढा जाणवायचा. पहिल्या अंकातच सटकायचो. दार समोरच असायचं. सकाळी भैयांना म्हणायचो, "शेवट भारी होता." ते खूश व्हायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा त्यांनी नव्या रायपूरच्या बसथांब्यावर नाटक केलं. कधीच न येणाऱ्या बसची शोकांतिका. ऐन रंगात खरीच बस आली. तिकडे पुढची केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून सगळे नट चढले. मीही चढलो. खिडकीतून पाहिलं, तर भैया एकटेच टाळ्या वाजवत होते.

मात्र प्रत्येक प्रयोगाआधी ते पडद्याआडून हळूच विचारायचे, "मालती दिसून राहिली काय रे?" मालतीवहिनी, म्हणजे त्यांची बायको, कधीच दिसायच्या नाहीत.

शेवटी मी वहिनींनाच विचारलं. त्या पोळ्या लाटत होत्या.

"यांच्या पहिल्या नाटकाले गेली होती ना. कडेवरची पोट्टी रडाले लागली. उठली, तं अख्खा हॉल माझ्याकडे पाहून राहिला. नट बी थांबले. तवापासून हिंमतच नाही झाली."

"आणि खुर्च्या?"

"पुढच्याच नाटकापासून फिरवल्या. म्हणे, उठून जाणाऱ्याले लाज नको वाटाले."

 मी म्हणालो, "वहिनी, चला या वेळी. मी बी शेवटपर्यंत बसतो."

वहिनी आल्या. अर्ध्या नाटकात त्या उठल्या. मला वाटलं, चालल्या. त्यांनी खुर्ची कर्रकन फिरवली आणि पडद्याकडे तोंड करून बसल्या. नट थबकले.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "हा निळा तं आपल्या मोरीच्या दाराचा रंग हाये."

भैया रंगमंचाच्या कडेला उभे होते. 

"हव," ते म्हणाले. मग नटांकडे वळले. "पहिल्यापासून घ्या रे."

मीही खुर्ची फिरवली.