सरलाबेनचा डबा

आमच्या समोरचे आबा रोज सकाळी मिश्री लावता लावता एका रिकाम्या बंगल्याशी भांडतात. त्याच्या भिंतीला टेकायचं आणि सुरू, "लाज वाटती का? परत साप सोडलास व्हय माज्या न्हाणीत?" बंगला गप्प. मग आबा जास्तच चिडतात.

तुंगार्लीत आबांच्या घराला चिकटूनच हा बंगला. गेटवर बिल्डरची पाटी: 'लवकरच येत आहे तुमचा स्वर्ग'. पाटीचा रंग उडाला, बंगल्याचं छप्पर बसलं, आत घाणेरीचं रान माजलं, स्वर्ग काही येईना. शनिवार-रविवारी मुंबईची पोरं मात्र 'भुताचा बंगला' म्हणून रील काढायला हजर. आबा त्यांच्यावर खेकसतात, "भूत मीच हाय, काढा फोटू!" वाऱ्यानं पाटी पडली की शिव्या घालत ती तारेनं बांधणारेही आबाच. "ह्यांचं 'लवकरच' मलाच संबाळायला लागतंय!" नगरपालिकेत जाऊन "पाडा एकदाचं" म्हणून त्यांनी साऱ्यांचं डोकं खाल्लंय.

बंगला सरलाबेनचा. सुटीला मुंबईहून यायच्या. एकदा जाताना त्यांनी आबांना डबाभर खाकरे दिले, आणि पुन्हा आल्याच नाहीत. आता शेजारणीचा डबा रिकामा कसा परत करायचा? म्हणून दर दिवाळीला एकटा जीव चकल्या तळतो, डबा भरून गेटच्या कुलपापर्यंत जातो आणि मग आमच्या दारात. "खा मास्तर. तितं कोन न्हाई." चकल्या म्हणजे निव्वळ दगड! पण आबांना सांगायची छाती कुणाची? डबा मात्र तिथल्या तिथं रिकामा करून घेऊन जातात.

यंदा दिवाळी संपता संपता जेसीबी आला. म्हटलं, आता आबा पेढे वाटणार. कसलं काय! म्हातारा भरलेला डबा घेऊन जेसीबीपुढं उभा. "आदी बेनचा डबा दिऊ द्या, मग काय पाडायचं ते पाडा. बोलवा त्यास्नी."

बिल्डरचा माणूस हसला. "अहो आबा, त्या बाई कधीच वारल्या. पोरांनी विकलाय बंगला."

आबा बाजूला झाले. एक शिवीसुद्धा दिली नाही. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ते डबा घेऊन आले. "ठिव तुज्याकडंच. आता कुनाचा न्हाई ह्यो."

मी ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी चकल्या काढून, शंकरपाळ्यांनी भरून त्यांच्याकडे नेऊन दिला. एक तोंडात टाकून म्हणाले, "साखर कमी हाय." आणि डबा आत घेऊन गेले.

आता तिथं ना बंगला, ना भिंत. आज सकाळी उठलो तर आबा मिश्री लावत आमच्या दारात उभे. "लाज वाटती का? तुजं कुत्रं रातभर भुकतंय! आन् तुजा डबा घिऊन जा. चकल्या भरून ठिवल्यात."