गव्हाणे सरांचे सूर्यडाग

गव्हाणे सरांसमोर ‘लई’ म्हणायची सोय नव्हती. “सर, लई ऊन हाय,” म्हटलं की लगेच, “लई म्हंजे किती?” तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या शोकसभेत प्राचार्य म्हणाले, “सरांनी लई मुलं घडवली,” आणि आम्ही सगळे क्षणभर दाराकडं बघत राहिलो.

दाराकडं, कारण सर कधी बसतच नसत. मीटिंग दारात उभं राहून, डबा व्हरांड्यात फेऱ्या मारत. ते भौतिकशास्त्र शिकवत, मी त्याच कॉलेजचं ग्रंथालय सांभाळतो. माझ्या शांततेतून ते दिवसातून चारदा आरपार जात. उभ्याउभ्या पुस्तक चाळायचं, हवं ते सापडलं की तसंच उघडं टाकून गच्चीवर पळायचं.

गच्चीवर त्यांची छोटी दुर्बीण होती. तिला डोळा लावायचा नाही, ही पहिली ताकीद. तिच्यातून येणारं सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि त्यावरचे काळे डाग पेन्सिलीनं टिपायचे. बी.एस्सी.ची मुलं पाळीपाळीनं हे करत. “मोठ्या कॉलेजांकडं यंत्रं हायेत,” सर म्हणत, “आपल्याकडं ऊन हाय.”

लोहारा गावची हीना तिसऱ्या वर्षाला होती. तिचा प्रकल्प याच डागांवर. एका मंगळवारी तिची बस चुकली. दिवस रिकामा दिसू नये म्हणून तिनं सोमवारचं चित्र मंगळवारच्या कागदावर जसंच्या तसं उतरवलं. पण सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याच्याबरोबर डागही रोज थोडे सरकतात. सरांनी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले.

“हीनाबाई, मंगळवारी सूर्य तुमच्यासाठी थांबला व्हता का?”

वर्ग हसला. सरही हसले. दुसऱ्या दिवसापासून हीना आली नाही.

चौथ्या दिवशी सर माझ्या टेबलाभोवती फिरायला लागले.

“पोरगी येईना.”

“लाजली असंल. येईल की, सर.”

“न्हाय येत. माणूस असंच जातं. उठा, लोहाऱ्याला जाऊ.”

प्रवासी जीपमध्ये फेऱ्या मारता येईनात, म्हणून सरांचे गुडघे हलत होते. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, “थंडी वाजती का, बाबा?”

हीनाचे वडील शिलाई मशीनवरून उठले. “सर, कॉलेज सोडते म्हणती. चोरी केली का हिनं?”

“न्हाय. हिची चूक बारीक. माझी मोठी. मी वर्गासमोर हसलो.”

हीना आतल्या पडद्याआड होती. सर पडद्याकडं बघूनच बोलायला लागले.

“हीना, मीबी विद्यापीठात संशोधनाला गेलतो. दोन आकडे मनानंच भरले. गाईडनं सगळ्यांसमोर वाचून दाखवले. त्याच दिवशी गावाकडं आलो. वर्षभर वाटायचं, कुणीतरी येईल, चल म्हणंल. कुणी आलं न्हाय.”

वीस वर्षं मी त्यांच्याबरोबर चहा घेत होतो. हे मला ठाऊक नव्हतं.

पडदा सरकला. सरांनी बरोबर आणलेला मंगळवारचा कागद हीनानं त्यांच्या हातातून घेतला. वडिलांनी कानावरची पेन्सिल पुढं केली. तिनं चित्रावर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं ‘पाहिलं नाही’, आणि सही केली.

“उद्या पाळी कुणाची हाय, सर?”

सरांच्या आधी तिचे वडीलच म्हणाले, “तुझीच असंल. पहिली बस धर.”