नऊ फुटांचा मापासूर

आबागुरुजी माझ्या पुतणीच्या लग्नाला आले नाहीत, कारण त्यांचा उजवा हात वाळायचा होता. तसा निरोपच त्यांनी मांडवात पाठवला. मुलाकडच्या मंडळींना तो समजावून सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला.

हात म्हणजे बांबूच्या कामट्यांचा, वर गोणपाट आणि रद्दीचा लगदा थापलेला, साडेपाच फुटी हात. त्याला जोडीचा डावाही होता. या दोन हातांचा मालक गुरुजींच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभा होता. नऊ फुटांचा राक्षस! छातीवर मासेमारीच्या जाळ्याचे थर्मोकोलचे तुकडे, खांद्यांवर दोन पालथी पातेली, मुठीत माणसाएवढी फूटपट्टी. पोटाला एक झरोका, त्यातून एकाहत्तर वर्षांचे गुरुजी बाहेर बघणार. राक्षसाचं नाव मापासूर.

वेंगुर्ल्यातल्या निम्म्या लोकांना गुरुजींनी गणित शिकवलं, मलाही. त्यांचं पालुपद एकच, "मापात रवाचा!" म्हणजे मापात राहायचं. भात वाढणाऱ्याला मापात, हसणाऱ्याला मापात, रडणाऱ्यालाही मापात. माझ्या लग्नात मी बायकोकडे जरा जास्त वेळ बघितलं, तर मागून आवाज आला, "दिग्या, मापात!" आणि हा माणूस आता घराच्या पन्हाळीला डोकं लागेल असा राक्षस बांधत होता. मी कपाळावर हात मारून घेतला. दुसरं करणार काय?

कारण सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पणजीला कॉमिक्सवाल्यांचा मेळा भरणार होता. तिथे लोक खलनायकांचे पोशाख घालून हिंडतात म्हणे. तिथेच गुरुजींचा मुलगा संजू स्वतः काढलेली कॉमिक्स घेऊन बसणार होता. संजू माझा वर्गमित्र. बारावीत गणितात नापास झाला तेव्हा गुरुजींनी त्याच्या चित्रांच्या वह्या न्हाणीच्या चुलीत घातल्या. त्याच आठवड्यात तो पुण्याला गेला. काकी, म्हणजे त्याची आई, वारल्या तेव्हा आला, तेरावं करून निघाला, त्यालाही अकरा वर्षं झाली. चतुर्थीला गणपती येतो, संजू येत नाही.

"फोन करा की, गुरुजी," मी म्हटलं.

"फोनार काय बोलाचा? हॅलो म्हटल्यार फुडे काय, ता तू माका सांग."

मी गुपचूप लगदा कालवायला बसलो.

समोर नमुना म्हणून संजूच्या वहीतलं एक पान असायचं, वरचा भाग दुमडलेला. मी उलगडायला गेलो की हातावर चापट बसे. "थोबाड माका पाठ आसा." पाठ होतं ते थोबाड त्यांनी केलं भोपळ्यासारखं गुळगुळीत. मी म्हटलं, निदान मिशी तरी लावा, राक्षस वाटू दे.

"मिशी नको!" ते असे खेकसले की मी पुन्हा सातवीत गेलो.

मग त्यांनी शेवटची हुशारी केली. दमटपणाने लगदा सुटू नये म्हणून होडीला लावतात तसं काजूच्या टरफलांचं तेल लावलं, आतून-बाहेरून दोन हात. कच्च्या काजूला हात लावाल तर फोड येतील, म्हणून दर उन्हाळ्यात आम्हाला छड्या मारणारे हेच गुरुजी! मी बोंब मारली. त्यांनी पाटीवर हिशेब मांडून दाखवला. एका हाताला इतके दिवस, म्हणजे दोन हातांना इतके, तेल वाळलंच पाहिजे. हिशेब बरोबर होता. तेलाला तो ठाऊक नव्हता.

मेळ्याच्या आदल्या सकाळी ते आत शिरले. खळ्यात तीन फेऱ्या मारल्या, झरोक्यातून ओरडले, "मापात रवा रे!" इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुपारी खाज सुटली. दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात, दोन्ही हात फोडांनी भरले. डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्या, मापासुराला न्यायला आलेला टेम्पो मी परत पाठवला. मेळा झाला, संपला. संजू आला तसा पुण्याला गेला. सव्वा तासाच्या वाटेवर होता तो.

"पंचांगातला पान काढ," गुरुजी पडल्या पडल्या म्हणाले. "उलगड आता."

मी उलगडलं. कडा जळलेल्या. राक्षसाच्या डोळ्यांवर जाड चष्मा, नाकाखाली झाडूसारखी मिशी, तोंडातून फुगा, 'मापात रवा!' मी गुरुजींच्या मिशीकडे बघितलं.

"चुलीत हात घालून येवढाच गावला," ते म्हणाले. "केदो मोठो काढल्यान माका! म्हटला, तेच्यासमोर जावन उभो रवतंय. सांगतंय, होय रे झिला, मी असोच होतंय. पण मिशी लावूक हात धजलो नाय."

त्यांना न विचारताच मी मापासुराचा फोटो काढून संजूला पाठवला. खाली लिहिलं, 'तुझ्या बापाने केलाय.' त्याने पाहिला. उत्तर नाही. तीन दिवस माझा फोन वाजला की गुरुजी बोलता बोलता थांबायचे, आणि मी मान हलवायचो. मला स्वतःचाच राग येत होता.

चौथ्या दिवशी संजूचं उत्तर आलं. एकच ओळ. मी ती मोठ्याने वाचली.

"मिशी खंय आसा?"

गुरुजी नाक ओढून म्हणाले, "दिग्या, नारळाची सोडणां हाड. मिशी करूया."

"केवढी करायची?" नारळाची सालं आणायला उठत मी विचारलं.

त्यांनी पट्ट्या बांधलेले दोन्ही हात पसरले, जेवढे पसरता येत होते तेवढे.