मालनवहिनीच्या पामची पिल्लं

बस रे विनीत. चहा येतोय, तोवर एक गोष्ट ऐक. माझ्याच गाढवपणाची आहे. हसायचं तेवढं हस, पण शेवटपर्यंत ऐक, तुझ्याकडे काम आहे.

ही बाजूची मालनवहिनी दोन महिने गावाला गेली होती, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. जाताना गॅलरीतला तिचा अरेका पाम माझ्या ताब्यात देऊन गेली. निळ्या पिंपातला, तिच्या नवऱ्याने, दौलतने लावलेला. दौलत जाऊन चार वर्षं झाली, पण पाम दरवर्षी बुडातून नवीन पिल्लं काढायचा. मला म्हणाली, "भावजी, दोन दिवसांनी पाणी तेवढं घाला. दुसरं काय करू नका."

आता मला सांगते! अरे, आमची गावाला पोफळीची बाग. चालायला शिकायच्या आधी मी पोफळीवर चढलोय! म्हटलं, वहिनी, परत याल तेव्हा झाड ओळखणार नाही तुम्ही.

तेवढं मात्र खरं झालं.

पिंपात बघितलं, तर मधे एक मोठा बुंधा आणि भोवती अकरा पिल्लं. दहा बाय दहाच्या खोलीत आमचं खटलं राहायचं ना, तसं. मोठ्याला श्वास घ्यायला जागा नाही! पोफळ बघ, एकटी ताठ उभी असते. घेतला कोयता आणि सगळी पिल्लं साफ केली. आमची रखमा म्हणाली, तिचं झाड आहे, विचारा तरी. मी म्हटलं, तू तुझं जेवण बघ.

मग म्हटलं, याला खायला घालू. गावाला माडाच्या बुडात मीठ टाकतात. टाकलं एक किलो. वर रोज मासळी धुतलेलं पाणी. त्याने झाड नाय वाढलं, मांजरं वाढली! अख्ख्या घोडपदेवची मांजरं पिंपाभोवती मीटिंग लावून बसायची. एक तर पिंपातच व्याली.

पानं करपली. रखमाला म्हटलं, नवीन पालवी यायच्या आधी असंच होतं. पंधरा दिवसांत बुंधा कलला. पायजम्याची नाडी काढली आणि कठड्याला बांधला. तेव्हापासून चाळीत लुंगीवर फिरतोय.

वहिनी आली ती बॅग खाली ठेवून सरळ पिंपाकडे. हात लावला, तर बुंधा नाडीसकट तिच्या हातात. वाटलं, आता चाळ गोळा करणार. केली असती तर बरं झालं असतं रे. ती खाली बसली, माती चाचपून बघितली.

"मोठा कधीतरी जाणारच होता, भावजी. हे म्हणायचे, तो गेला की बाजूची उभी राहतील." मग माझ्याकडे बघितलं. "बाजूची कुठे आहेत?"

दहा कचऱ्याच्या गाडीत गेलेली. मी आपला नाडीची गाठ सोडवत बसलो.

अजून सकाळी तांब्या घेऊन बाहेर येते. रिकाम्या पिंपाकडे बघते, पाणी आमच्या कढीपत्त्याला घालते आणि आत जाते.

आता काम. मी कापत होतो त्या दिवशी तू आला होतास. अकरावं पिल्लू मुळासकट निघालेलं, ते तू लोअर परळला नेलंस, तुझ्या टॉवरच्या बाल्कनीत लावायला. मीच तोऱ्यात म्हटलं होतं, ने रे, कचरा आहे.

जगलंय ना ते? मीठबीठ नाय ना घातलंस?

मग रविवारी घेऊन ये. पण माझ्या दारात ठेवू नको. सरळ वहिनीच्या हातात दे, आणि मी मधे आलो तर मला हात लावू देऊ नको.